अकरा हजार फुटांवरचा फोटो

“आबा, ईराला वर न्यायचं नाही हं,” ऋजुता म्हणाली. “तिचा स्कीइंगचा क्लास तीनला सुटतो. तिला घ्यायचं आणि सरळ खोलीवर आणायचं. केबलकार दिसली की ती हट्ट करेल, पण ऐकायचं नाही.”

हे ती मला सांगत होती. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या, दोन धरणं उभी केलेल्या माणसाला. तेही माझ्या व्याह्यांसमोर, म्हणजे तिच्या वडिलांसमोर.

“का गं? वर वाघ आहेत का?” मी विचारलं.

“वाघ नाहीत, ढग आहेत. दुपारनंतर वर काही दिसत नाही. आणि तिथून खाली फुटणाऱ्या वाटा तिला अजून झेपत नाहीत.”

“ऐका आबा तिचं,” कौस्तुभ म्हणाला. कौस्तुभ माझा मुलगा. बुटांचे पट्टे आवळता आवळता त्यानं बायकोची री ओढली आणि दोघं स्कीज खांद्यावर टाकून बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत ती दोघं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असणार होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, अमेरिकेत राहणाऱ्या कौस्तुभला सुट्टी होती आणि त्यानं आम्हा सगळ्यांना डेन्व्हरपासून तीन तासांवरच्या एका बर्फाच्या डोंगरावर आणलं होतं. डोंगर म्हणजे आख्खा डोंगरच हॉटेलवाल्यांनी व्यापलेला. पायथ्याशी दुकानं, खाणावळी, लाकडी घरं. वर जायला तारांवरून पाळणे आणि केबलकार. जो तो जडशीळ बूट घालून खाटखाट चालतोय, पोरंसोरं उतारावरून सुसाट येतायत, आणि आमच्यासारखी म्हातारी माणसं रेलिंगला धरून एकेक पाऊल टाकतायत.

माझी बायको गुडघ्यांमुळे साताऱ्यालाच राहिली होती. त्यामुळे तिथं माणसं पाचच. कौस्तुभ, त्याची बायको ऋजुता, त्यांची सात वर्षांची ईरा, मी आणि ऋजुताचे वडील दिनकरराव पाध्ये. दिनकरराव चिपळूणच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते मला आबासाहेब म्हणत. मी त्यांना मास्तर म्हणायचो. त्या म्हणण्यात थोडा मान होता आणि बराचसा चढेपणा होता, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. बाकी घर त्यांना नाना म्हणायचं.

मास्तरांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. ऋजुता एकुलती एक. जानेवारीपासून तिची पूर्णवेळ नोकरी सुरू व्हायची होती आणि दर वर्षी सहा महिने नानांनी त्यांच्याकडे येऊन राहायचं, शाळा सुटल्यावर ईराला सांभाळायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. कौस्तुभचा होकार तेवढा बाकी होता. मास्तर त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण ईराच्या शाळेची वाट त्यांनी स्वतः चार वेळा चालून पाहिली होती आणि वळणावळणाच्या खुणा वहीत काढून ठेवल्या होत्या.

आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही नाहीच म्हणालो असतो. हिचे गुडघे, माझं रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणं, हे सोडून कोण येतंय? पण विचारलं नाही, हे मला झोंबलं होतं.

तर ती दोघं गेल्यावर मी न्याहारी करता करता मास्तरांना म्हणालो, “तुमच्या लेकीला जरा सांगा. आमच्या घरात सुना सासऱ्यांशी या सुरात बोलत नाहीत.”

मास्तरांनी हातातला कागदी रुमाल नीट घडी करून बशीखाली ठेवला. “हो, सांगतो मी तिला,” ते म्हणाले. “चुकलंच तिचं. मनावर घेऊ नका.”

तिचं काही चुकलं नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते मुलीचे बाप होते आणि मी मुलाचा बाप होतो, म्हणून ते तसं म्हणाले. मीही ते हक्कानं घेतलं आणि दुसरा टोस्ट उचलला.

तीन वाजता आम्ही दोघं ईराला घ्यायला गेलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि थबकले. माझ्या खांद्यावर कौस्तुभची जुनी स्कीजची जोडी होती.

“हे कशाला हो आबासाहेब?”

“फोटोला.”

आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये भोसेकर म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांनी मागच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या बर्फातला फोटो टाकला होता आणि पुढचे सहा महिने दुसरा विषय नव्हता. मला नुसतं बर्फात उभं राहायचं नव्हतं. शेजारी स्कीज हव्या होत्या, नात हवी होती आणि मागे उंची लिहिलेली पाटी हवी होती. वर केबलकारच्या दाराशी अशी पाटी आहे, हे मी कौस्तुभच्या फोनमध्ये पाहिलं होतं. अकरा हजार फूट.

ईरा धावत आली. म्हणजे त्या बुटांत जेवढं धावता येतं तेवढं. गडद हिरवं जाकीट आणि डोक्यावर सशाचे कान चिकटवलेलं हेल्मेट. “आबा, नाना, मी आज एकदाच पडले!”

“शाबास! मग बक्षीस पाहिजे,” मी म्हणालो. “चल, केबलकारनं वर जाऊ.”

“आई नको म्हणाली,” ईरा म्हणाली.

“ऋजूनं नको म्हटलंय हो,” मास्तर हळूच म्हणाले. “आणि ढग बघा किती उतरलेत.”

“मास्तर, पंधरा मिनिटांचं काम. मी आहे ना! का माझ्यावर नात सोपवायलाही आता तुमच्या लेकीची परवानगी लागते?”

सकाळचं ताजं होतं. “मग मी इथंच थांबतो,” ते म्हणाले. “ईरासाठी गरम कोको घेऊन ठेवतो.”

वर वारा होता. पाटी होती. मी एका परदेशी माणसाला फोन दिला, स्कीज शेजारी उभ्या धरल्या, छाती काढली. फोटोसाठी ईरानंही तिच्या छोट्या स्कीज पायांत चढवल्या होत्या. ती माझ्यापुढे आली की पाटी झाकली जायची.

“ईरा, मागे सर. पाटी दिसली पाहिजे.”

ती सरकली.

“अजून जरा मागे.”

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिच्या स्कीज घसरल्या. मागे उतार सुरू होतो, हे मी बघितलंच नव्हतं. ती ओरडली नाही, उलट हसली. शिकवल्याप्रमाणे वळली, पुढची टोकं जुळवली आणि खाली निघाली. “आबा, बघा!” एवढं मला ऐकू आलं. मग वळणावर ढग होता. त्यात हिरवं जाकीट दिसेनासं झालं.

त्या माणसानं फोन परत दिला. फोटो छान आला आहे म्हणाला.

आता सांगताना लाज वाटते ती पुढच्या दहा मिनिटांची. केबलकारचा माणूस माझ्यापासून दहा पावलांवर त्याच्या खोलीत उभा होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. गेलो असतो तर सांगावं लागलं असतं की सात वर्षांच्या मुलीला मीच मागे मागे ढकललं. मी वाट बघत उभा राहिलो. येईल चालत, म्हटलं. मग म्हटलं, आता खालीच पोचली असेल. आणि केबलकारमध्ये बसलो. उतरताना स्कीज कुणाला लागू नयेत म्हणून काळजीनं धरल्या होत्या, हेसुद्धा आठवतं.

खाली मास्तर दोन्ही हातांत कागदी पेले घेऊन उभे होते.

“ईरा?”

“आली असेल की खाली. घसरत आली ती.”

“कुठून? कोणाबरोबर?”

मास्तरांनी दोन्ही पेले तिथंच बर्फावर ठेवले आणि पळत सुटले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायात चिपळूणच्या बाजारातले कापडी बूट. दोनदा पडले. लाल जाकिटं घातलेली बचावाची माणसं जिथं बसतात तिथं ते माझ्या आधी पोचले. त्यांचं इंग्रजी बेताचं. माझं उत्तम. पण मी स्कीज धरून दाराशीच उभा राहिलो. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, ईराच्या क्लासच्या कागदाच्या पाठीवर ईरा काढली. सशाचे कान, जाकीट, डाव्या गुडघ्यावर ऋजुतानं लावलेलं लाल ठिगळ. दोन मिनिटांत. त्या माणसानं चित्राचा फोटो काढून डोंगरावरच्या सगळ्यांना पाठवला.

“कुठून घसरली?” मास्तरांनी मला विचारलं. भिंतीवर नकाशा होता. मी बोट ठेवलं.

ती सापडायला सव्वा तास लागला. वळणावर डावीकडची चुकीची वाट तिनं धरली होती आणि खाली ओढ्याकाठी झाडांत जाऊन पडली होती. एक स्की गेलेली, एक हातमोजा गेलेला. डाव्या हाताचं मनगट मोडलं होतं आणि त्याच हाताची तीन बोटं पांढरी पडली होती. तिथल्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, बोटं वाचतील. अजून अर्धा तास गेला असता तर तिला तसं सांगता आलं नसतं.

कौस्तुभ आणि ऋजुता दवाखान्यात आली तेव्हा आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ऋजुता धावत आत गेली, लेकीला पाहून बाहेर आली.

“कोणी नेलं तिला वर?” तिनं विचारलं.

आणि तिची नजर माझ्याकडे वळली. का नाही वळणार? मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

“मी नेलं गं,” मास्तर म्हणाले. “हट्ट धरून बसली, मला मोडवेना. आबासाहेब नको नको म्हणत होते. मीच ऐकलं नाही.”

मी तोंड मिटलं.

ऋजुता आपल्या बापाला काय काय बोलली ते मी इथं लिहीत नाही. दवाखान्यातली माणसं वळून बघत होती. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण कळायला काही राहिलंही नव्हतं. कौस्तुभ जावई, तो ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, “नाना, एवढीच एक गोष्ट सांगितली होती हो तुम्हाला.” त्यावर मास्तरांनी मान खाली घातली. मी उठून दवाखान्याच्या बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि फोनमधला फोटो पुसून टाकला. फोटो खरोखरच छान आला होता.

संध्याकाळी खोलीच्या गॅलरीत मास्तर एकटे उभे होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. खाली दिवे लागले होते.

“मास्तर, तुम्ही कशाला…” मी म्हणालो.

“ऋजूचा राग मला ठाऊक आहे हो,” ते म्हणाले. “तुम्हाला नको ते बोलून गेली असती. आणि तुम्ही ते विसरला नसतात.”

सकाळी टोस्टला लोणी लावता लावता मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

“माझं काय, मी बाप,” ते म्हणाले. “चार दिवस धुसफुसेल. मग ‘नाना, चहा घेतलात का’ म्हणून विचारीलच.”

“पण तुमचं इथं राहायचं…”

“बघू,” ते म्हणाले. कठड्यावरचा बर्फ त्यांनी बोटानं खाली लोटला. मग म्हणाले, “आपली पोर सापडली ना आबासाहेब. बोटं शाबूत आहेत. बस झालं.”

उद्या सकाळी सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. वाक्यंसुद्धा जुळवली. ‘कौस्तुभ, ऋजुता, जरा इकडे बसा.’ अशी सुरुवात करायची होती. त्यांचं शेजारच्या खोलीतलं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. कौस्तुभ म्हणत होता, “नाही ऋजू, मी पुन्हा हा धोका घेणार नाही. शाळेतच ठेवू तिला सहापर्यंत.” ईरा त्यांच्याच खोलीत झोपली होती. झोपली आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

सकाळी न्याहारीला सगळे बसलो. ईराच्या हाताला निळं प्लॅस्टर होतं. मी घसा साफ केला.

“आई,” ईरा माझ्या आधी बोलली, “नाना नव्हते वर. नाना खाली थांबले होते. आबांनी नेलं मला. फोटो काढायला.”

कौस्तुभनं हातातला चमचा बशीत ठेवला.

ऋजुतानं आधी बापाकडे पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. वेळ तीच होती, टेबल तेच होतं, पण ती काल बोलली होती त्या सुरात बोलली नाही. अगदी हळू, अदबीनं विचारलं, “आबा, ईरा म्हणतेय ते खरं आहे का?”

माझी वाक्यं तयार होती. सुरुवात तर तिनंच करून दिली होती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण काल ‘हो’ म्हटलं असतं तर मी निष्काळजी ठरलो असतो. आज म्हटलं तर एक रात्रभर दुसऱ्याच्या मागे लपलेला माणूस ठरणार होतो. मुलासमोर. सुनेसमोर.

“घाबरली होती गं ती,” मी म्हणालो. “लहान पोर आहे. तिची गल्लत होतेय.”

ईरानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी चुकून काहीतरी वेगळंच बोललो असेन आणि आता लगेच दुरुस्त करेन, अशा नजरेनं.

“गल्लत नाही आबा! तुम्ही म्हणालात ना, मागे सर, मागे सर…”

“ईरा!” ऋजुता म्हणाली. “नाना स्वतः सांगतायत ना, त्यांनी नेलं म्हणून? नानांना वाचवायला आबांवर खोटं घालायचं? हे शिकवलंय मी तुला?”

आता मला कळतं, ती लेकीवर एवढी का चिडली. सासऱ्यांवर आळ आला होता. काल तिच्या बापामुळे झालं, आज तिच्या लेकीमुळे. सासरच्या माणसासमोर तिला दोघांच्याही वतीनं भरून द्यायचं होतं. शिकलेली, मोठ्या पगाराची बाई. पण तिच्या बापानं आदल्या दिवशी जे केलं, तेच ती करत होती.

“उठ,” ती म्हणाली. “आबांची माफी माग. पाया पड त्यांच्या.”

“ऋजू, राहू दे,” मास्तर म्हणाले. एवढा वेळ कपात बघणारा माणूस एकदम ताठ झाला होता. “पोरीला यात ओढू नकोस. मला काय बोलायचं ते बोल.”

“नाना, तुम्ही तर मध्ये बोलूच नका,” कौस्तुभ म्हणाला.

मास्तरांनी मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या ओळखीच्या दहा वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लग्नात नाही, बारशाला नाही. त्या वेळी त्यांनी मागितलं. तोंडानं नाही. स्वतःसाठीही नाही. काल त्यांनी जे माझ्यासाठी केलं त्याच्या बदल्यात नव्हे, फक्त त्या पोरीला खोटं ठरवू नका, एवढंच. मला ते स्वच्छ कळलं. आणि मी नजर काढून घेतली.

ईरा खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली. प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून ती वाकली आणि उजव्या हातानं माझ्या पायांना शिवली.

“सॉरी आबा.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “औक्षवंत हो,” म्हणालो. सवयीनं तोंडातून आलं.

ती लगेच उठली नाही. मान वर करून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, माझ्या कानाशी आली.

“आबा,” तिनं विचारलं, “मी सॉरी म्हटलं. आता नानांना राहू देतील ना?”

“हो,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि जाऊन नानांच्या शेजारी बसली. त्याच संध्याकाळी कौस्तुभनं त्यांचं परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. नाना लवकर जाणार हे तिच्या कानावर आलं, पण तारीख तिला कुणी सांगितली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती मलाच विचारली.